रातूज

आमच्या घरात चंद्राला रातूज म्हणत. हा शब्द कोशात सापडणार नाही. मी हाती लागले तेवढे मराठीचे कोश पालथे घातलेत, वऱ्हाडी शब्दांचे संग्रह चाळलेत, तेव्हा तुम्ही त्या फंदात पडू नका. तो आमच्या स्वयंपाकघरात तयार झाला आणि तो वापरणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती.

कारण साधं आहे. माझ्या वडिलांच्या नावात चंद्र आहे. पूर्ण नाव इथं लिहीत नाही. आईनं जे जन्मभर तोंडातून काढलं नाही ते मी छापून मोकळं व्हावं, हे बरं दिसत नाही. आई आसेगावच्या बाजूच्या एका खेड्यात लग्न होऊन आली तेव्हा बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत घरोघरी होती. पण तिची सासू त्यातही कडक निघाली. नाव तर नाहीच, नावातला शब्दसुद्धा सुनेच्या तोंडी यायचा नाही. आता चंद्राशिवाय बाईमाणसाचं कसं चालणार? चतुर्थीचा उपास त्याला बघून सोडायचा, लेकराला कडेवर घेऊन त्यालाच दाखवायचं. मग सासूबाईंनीच तोड काढून दिली, "रातीचा उजेड म्हनत जाय." आईनं काही वर्षं तसं म्हटलं असेल. रोजच्या वापरानं शब्द झिजला. रातीउजेड झाला, रातुजेड झाला, आणि मी बोलायला लागलो तोवर नुसता रातूज उरला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण आईची जातच अशी की एकदा कुंपण घालायचं ठरवलं की दोन हात लांबूनच घालायचं. चंद्राच्या आसपासचे शब्दही तिनं सोडून दिले. चांदीला ती पांढरं म्हणायची. चंदनाला उगाळं. तिची बहीण चंद्रपूरला दिली होती, तर त्या शहराचं नाव आमच्या घरात कोळशाचं गाव. "कोळशाच्या गावाहून पत्र आलं," असं ती सांगायची. सासऱ्यांच्या नावात तुळस होती, म्हणून अंगणातली तुळस झाली दारातली. "दारातलीले पानी घाल रे," हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

वाटलं ते शाळेत. पहिलीत भिंतीवर चित्रांचा तक्ता होता. गुरुजींनी छडी चंद्रावर ठेवली आणि मला उभं केलं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "रातूज." वर्ग असा हसला की मला वाटलं माझी चड्डीच फाटली. गुरुजी चांगले होते, त्यांनी विचारलं, कुठून आणलास हा शब्द? मला काय ठाऊक कुठून आणला! मी घरी येऊन आईवर चिडलो. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "शाळंत ते म्हनतीन ते म्हन. घरी हे म्हन. त्यात रडाचं काय?"

म्हणजे दोन भाषा असतात आणि दोन्ही आपल्याच असतात, हे मला पहिलीतच कळलं. पुढं मी जे काही वेड लावून घेतलं त्याचं मूळ तिथं आहे.

आणखी एक काम माझ्याकडे होतं. मी आईचा दुभाषा होतो. राशनच्या दुकानात, मतदानाच्या खोलीत, दवाखान्यात चिठ्ठी काढताना समोरचा विचारणार, मालकाचं नाव? आई पदर नीट करणार, खाली बघणार आणि मला कोपरानं ढोसणार, "सांग ना बापू." मी छाती काढून वडिलांचं अख्खं नाव सांगायचो. समोरचा लिहून घ्यायचा. त्या वयात मला यात फार मोठेपणा वाटायचा. आईला जे येत नाही ते मला येतं, असा माझा समज होता. तिला ते माझ्याआधीपासून येत होतं, फक्त ती ते वापरत नव्हती, हे समजायला मला बरंच आयुष्य लागलं.

उखाण्यात तरी नाव घेतलंच असेल की, असं तुम्ही म्हणाल. नाही घेतलं. ही गोष्ट वडील रंगवून सांगायचे. लग्नात बायकांनी आईला घेरलं, नाव घेतल्याशिवाय दारातून आत सोडेनात. आईनं उखाणा सुरू केला, छान म्हटला, आणि नावाची जागा आल्यावर थांबली. थांबली ती थांबलीच. शेवटी वाट बघून बघून बायकांनीच एका सुरात नाव घालून उखाणा पुरा केला आणि तिला आत ढकललं. "साऱ्या गावानं घेतलं मायं नाव," वडील सांगायचे, "इनं सोडून." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नसायची. मिशीतल्या मिशीत हसायचे आणि आई तिकडून भांडी आदळायची.

मी रिसोडला भूगोलाचा मास्तर झालो. भूगोल शिकवतो आणि उरलेल्या वेळात भाषा बनवतो. लोक कोंबड्या पाळतात, कुणी पतंग उडवतं, तसा हा एक उद्योग आहे. जगात हा नाद असलेली पुष्कळ माणसं आहेत हे मला मोबाइल आल्यावर कळलं, तोवर मला वाटायचं मी एकटाच बिघडलेला आहे. माझी पद्धत अशी. आधी एक जुनी भाषा बनवायची, फार जुनी, जिच्यात शब्द लांबलचक आणि ठणठणीत असतात. मग तिला काळ लावायचा. अमुक अक्षराचं तमुक होईल, शेवटचे स्वर गळतील, असे नियम ठरवायचे आणि प्रत्येक शब्द त्या घाण्यातून काढायचा. खऱ्या भाषा अशाच झिजतात. संस्कृतातला हस्त आपल्यापर्यंत हात होऊन पोचला, कर्ण कान होऊन पोचला. या झिजेला नियम असतात, आणि ते उलटे लावून मूळ शब्दापर्यंत मागं जाता येतं. विद्वान लोक हे खऱ्या भाषांवर करतात. मी खोट्या भाषेवर करतो. तिथं चूक काढणारं कुणी नसतं.

माझी बायको या सगळ्याला भुसा भरणं म्हणते. "इथं पोरगी इंग्रजीत नापास होऊन राह्यली, अन् तुमी नसलेल्या लोकायचे क्रियापदं करून राह्यले." तिचं खरं आहे. पण माझ्या नसलेल्या लोकांमध्ये एक प्रथा होती, ती मला सोडवत नव्हती. त्यांच्यात बाई लग्न करून आली की एक शब्द कायमचा सोडते. आणि तिनं तो का सोडला हे विसरलं गेलं तरी तिनं शोधलेला नवा शब्द मागं राहतो.

ही काही माझी कल्पना नव्हे, हे उघड आहे. आणि ती फक्त आमच्या घरची गोष्टही नाही. साप दिसला तर आपण रात्री त्याला जनावर म्हणतो. दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. उत्तरेकडच्या थंड देशांत लोक अस्वलाला इतके भ्यायले की त्याचं मूळ नावच टाकून दिलं. कुणी त्याला तपकिरी म्हणू लागलं, कुणी मध खाणारा. पुढं मूळ नाव तिकडं पार बुडालं. आपण बहुधा तेवढे भ्यालो नाही, म्हणून आपल्याकडे ते मूळ नाव ऋक्ष होऊन राहिलं आणि त्याचा पुढं जुन्या मराठीत रीस झाला. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून आईला फोन लावला होता. ती म्हणाली, "अस्वल? इकडं कुठं अस्वल आलं बापा?"

ती विसरायला लागली तेव्हा सुरुवातीला आम्ही ते वयावर ढकललं. मग एक दिवस वडिलांचा फोन आला. आई शेजारच्या घरात जाऊन तिथल्या चुलीवर चहा ठेवून बसली होती आणि त्या घरच्या बाईला विचारत होती, तू कोणाची? मी तिला वाशिमला घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिनं आईला समोर बसवलं आणि परीक्षा सुरू केली. आज वार कोणता, हे गाव कोणतं, शंभरातून सात वजा करा. आईला वजाबाकी कधीच येत नव्हती, त्याचं मला काही वाटलं नाही. मग तिनं विचारलं, "आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

आईनं पदर नीट केला. खाली बघितलं. आणि मला कोपरानं ढोसलं.

"सांग ना बापू."

मी तोंड उघडलं तेवढ्यात डॉक्टर म्हणाली, "सर, तुम्ही नका बोलू. त्यांना आठवू द्या."

आई माझ्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ते नाव सांगून दिलं नाही. तिला काही समजेना, हा पोरगा आज असा का वागतोय? तिनं पुन्हा ढोसलं, जरा जोरात. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं चित्र दाखवलं. चित्रात चंद्र होता. आई लगेच म्हणाली, "रातूज."

"काय म्हणालात?"

"रातूज वं. हे काय."

डॉक्टरनं तेही लिहिलं. नंतर आईला बाहेर बसवून तिनं मला समजावलं की या आजारात पेशंट वस्तूंची नावं विसरतात, आणि मग स्वतःचे शब्द तयार करतात. ज्यांना काही अर्थ नसतो असे शब्द. ते एक लक्षण आहे.

मला असा राग आला म्हणून सांगू! मी तिथंच तिला सासूची, रातीच्या उजेडाची, कोळशाच्या गावाची सगळी गोष्ट ऐकवली. शब्द कसा झिजला तेही टप्प्याटप्प्यानं सांगितलं. बाहेर पेशंट ताटकळले होते. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि चक्क आधीचं खोडून दोन्ही उत्तरं बरोबर धरली. मग म्हणाली, "ठीक आहे सर. पण पुढं सवय कुठवर आणि आजार कुठून, हे तुम्हाला ओळखता येईल का?"

मी म्हटलं, येईल. मला नाही येणार तर कोणाला येईल? जन्म गेलाय माझा यात.

आम्ही दोघांनाही रिसोडला आमच्याकडे आणलं. वडिलांना शहर मानवलं नाही. ते फाटकाशी खुर्ची टाकून बाजार समितीकडे जाणारे सोयाबीनचे ट्रॅक्टर बघत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विनाकारण भाव विचारायचे. आई घरात फिरायची. तिचे शब्द एकेक करून गळत होते आणि गळालेल्याच्या जागी ती नवे बसवत होती. किल्लीला ती उघडायचं म्हणू लागली. चमच्याला हालवायचं. माझ्या चष्म्याला दिसायचं. बायकोला एकदा म्हणाली, "ते गरम ओतायचं दे," तिला चहा हवा होता.

मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. अहो, हीच तर तिची रीत! वस्तूचं नाव घ्यायचं नाही, तिच्या कामावरून जायचं. उगाळं म्हणजे उगाळायचं, तसंच हे. हिचं डोकं अजून तिच्याच नियमानं चाललंय, मी बायकोला उत्साहानं सांगत होतो, बघ, ती शब्द विसरलेली नाही, ती ते चुकवतेय, लग्नानंतर जसे चुकवले तसेच. बायको भांडी पुसत होती. तिनं हातातलं फडकं ओट्यावर टाकलं.

"चमचा काय त्याईच्या सासऱ्याचं नाव हाय का? कायले खुश होऊन राह्यले तुमी?"

लग्नानंतर आईनं एक शब्द टाकला तेव्हा तिला माहीत होतं की आपण काय टाकतोय. आता तिला माहीत नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि मी बाहेरूनच बघत होतो. डॉक्टरला दिलेला शब्द मला पाळता येणार नाही हे तेव्हाच कळून चुकलं.

वडिलांची मात्र स्वतःची परीक्षा होती. ती त्यांनी कुणाला विचारून काढली नव्हती. रोज दिवेलागणीला ते फाटकावरची खुर्ची उचलून आत यायचे, आईच्या खाटेपाशी उभे राहायचे आणि विचारायचे, "काय वं, मायं नाव काय?"

आई तोंड फिरवायची. पदर ओढायची. "जा बापा तिकडं," म्हणायची, "पोरं आयकतेत." कधी नुसतं "हट!" म्हणायची. ती मला ओळखत नव्हती अशा दिवशीही हे चुकलं नाही. बायकोला तिनं नर्स समजायला सुरुवात केली होती, नातीला स्वतःची मेलेली बहीण समजायची, पण ते नाव विचारलं की मान खाली.

वडील बाहेर येऊन मला सांगायचे, "हाय बरं ते. पुरी हाय."

डॉक्टरच्या कागदावर जे उत्तर एरवी चूक ठरतं, ते वडिलांच्या लेखी बरोबर होतं. ती गप्प बसली की पास. मी हे आधी गमतीनं घेतलं, मग हळूहळू मीही त्याच उत्तराची वाट बघू लागलो. दिवेलागण झाली की शाळेच्या वह्या बाजूला ठेवून कान तिकडं लावायचो. बाकी काय काय चाललं होतं ते सांगत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून फायदा नाही. तिला जेवण भरवावं लागे. शिरपूरच्या मंदिराचे यात्रेकरू भरलेली बस रस्त्यानं गेली की तिला वाटायचं माहेरचे घ्यायला आले, आणि ती दाराला धडका द्यायची. पण संध्याकाळी तिनं पदर ओढला की घरात सगळ्यांना दोन घास जास्त जायचे. आमची सगळी आशा त्या एका न बोललेल्या शब्दावर येऊन टेकली होती. ती शब्द टिकवून आहे तोवर ती आहे, असा आमचा हिशेब.

पुन्हा वाशिमला दाखवायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, मी येतो. आधी कधी ते आले नव्हते. टोपी घालून, धुतलेला सदरा घालून आले. दवाखान्यात ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. डॉक्टर तीच होती. आईची तब्येत बघितली, वजन कमी झालंय म्हणाली, आणि चित्रांचे पत्ते काढले. वार सांगता आला नाही. गाव सांगता आलं नाही. मी कोण, तर "मास्तर हायत." हे एका परीनं बरोबरच होतं.

"आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

मी सवयीनं कोपर पुढं केलं, ती ढोसणार म्हणून.

आईनं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांचं, मग सासऱ्यांचं तुळशीचं, मग आडनाव. हजेरीला उभी राहिलेली शाळकरी मुलगी सांगते तसं, मान वर करून, समोर बघत. उच्चार इतका स्वच्छ होता की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं. शब्द वापरानं झिजतात, हे मी पोरांना नाही तरी स्वतःला कितीदा शिकवलंय. हा शब्द तिनं कधी वापरलाच नव्हता. पेटीत घालून ठेवलेल्या लुगड्यासारखा तो घडी न मोडता तसाच्या तसा बाहेर आला.

डॉक्टरनं घाईनं चंद्राचं चित्र पुढं धरलं.

"चंद्र," आई म्हणाली.

"अरे वा! व्हेरी गुड, आजी!" डॉक्टर खरंच खुश झाली. मागच्या खेपेला मी केवढं भांडलो होतो हे तिच्या लक्षात होतं. ती माझ्याकडे बघून हसली, मग वडिलांकडे वळली. "ऐकलंत का बाबा? आजींनी तुमचं नाव घेतलं."

वडील उभे राहिले होते. कधी उभे राहिले ते मला दिसलं नाही. कुणी चुकीच्या घरी पत्ता विचारत आलं तर आपण जसं समजावून सांगतो, तसं ते तिला म्हणाले, "माई बायको मायं नाव घेत नाई, बाई."

आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

डॉक्टरला काय झालं ते कळलं नाही. मी या वेळी तिला समजावलं नाही. मागच्या वेळी तिनं मला विचारलं होतं, सवय कुठवर आणि आजार कुठून. आता त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते तिच्या काय कामाचं? औषधाची चिठ्ठी घेऊन मी आईला धरून बाहेर आणलं. बाकावर वडिलांच्या शेजारी जागा होती. आई तिथं बसली, जरा अंतर ठेवून, जसं परक्या माणसाच्या शेजारी बसतात.

त्या संध्याकाळी वडिलांनी खुर्ची उचलून आत आणली आणि भिंतीशी ठेवली. खाटेपाशी गेले नाहीत. नंतरही कधी विचारलं नाही.

माझी भाषा मी बंद केली. रुसून वगैरे नाही, तिच्यात जीवच लागेना. माझ्या नसलेल्या लोकांच्या बायका शब्द सोडून देतात आणि नवे शोधतात इथवर मी मोठ्या हौसेनं रचलं होतं. म्हातारपणी त्यातली एखादी सोडलेला शब्द सहज बोलून जाते, हे मला सुचलंच नव्हतं. त्याला नियम काय लावणार? मागं जाऊन मूळ शोधायचं म्हटलं तर मूळ समोरच पडलेलं, कोरं करकरीत, आणि ते धरून ठेवणारी बाई तिथं नाही. बायकोनं एकदा आपणहून विचारलं, हल्ली तुमची क्रियापदं दिसत नाहीत. मी म्हटलं, मेले ते लोक. तिनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

आई अजून आहे. खाटेवर बसते, खिडकीतून बघते, समोर येईल त्याला नमस्कार करते. तिच्या तोंडून वडिलांचं नाव आता अधूनमधून ऐकू येतं, कारण नसताना, मधेच. तेव्हा वडील उठून अंगणात जातात.

परवाच्या चतुर्थीला ते सकाळपासून काही खाईनात. मला वाटलं तब्येत बिघडली. विचारलं तर म्हणाले, उपास आहे. आईचा हा उपास लग्नापासूनचा, तिला आता चतुर्थी काय आणि एकादशी काय. वडिलांनी आयुष्यात कधी उपास धरला नव्हता, उलट तिच्या साबुदाण्यातला वाटा मागायचे.

"तुमी कायले धरला, बाबा?"

"चालू होता तिचा. मधात कायले तोडाचा?"

अंधार पडल्यावर आम्ही आईला खुर्चीत बसवून गच्चीवर नेलं, तेवढीच तिला हवा. शेजारच्या पाण्याच्या टाकीआडून चंद्र उगवतो. वडील कठड्याला धरून उभे होते, भूक लागली असणार. जरा वेळानं ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पाय बरं बापू, रातूज आला का?"

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ते जन्मभर चंद्रच म्हणत आले होते, त्यांना कोण अडवणार होतं?

"नाई आला अजून रातूज," मी म्हटलं.

मागून आईनं विचारलं, "कोन येऊन राह्यलं?"

"कोनी नाई," वडील म्हणाले. "तू बस."

ती बसली. आम्ही दोघं कठड्याशी उभे राहून टाकीकडे बघत राहिलो. रातूज म्हणणारे आता आम्ही दोघंच उरलो होतो, आणि आम्हा दोघांनाही चंद्र म्हणायला कधी कुणाची मनाई नव्हती.